स्टोव्हची पिन

काल लातूरच्या सिग्नलवर जुन्या स्कूटरचा निळसर धूर नाकात गेला आणि आमचं अंगण आठवलं. तिथं दीड महिना खपून आमच्या जुन्या स्कूटरचं इंजिन मी घरीच खोलून पुन्हा बांधलं होतं. शेजाऱ्यांना बोलावलं, नारळ फोडला, किका मारल्या, स्कूटर ढिम्म. आता मेकॅनिककडे न्यावी लागली असती, तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

बायको कार्बोरेटरशी वाकून म्हणाली, "पेट्रोलच्या भोकात कचरा अडकला असंल. आपला स्टोव्हबी असाच अडतो की." तिनं स्टोव्हची पिन आणून दिली. भोक मोकळं केलं आणि पुढच्या किकला इंजिन फटफटलं.

"सर, मानलं बुवा तुम्हाला," शेजारी म्हणाले. मी मान तुकवली.

तिला इंजिनातलं आणखी काय काय कळत होतं, याचं कुतूहल मला आज वाटतं. तेव्हा मी हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर भाषण देत होतो.