उंडीखालची चूल

ठकूआत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी चुलीजवळ जायची आणि मडक्यांवरची झाकणं उचलून आत डोकवायची. बसणं, बोलणं सगळं नंतर. मी लग्न होऊन महारवाड्यात आले तेव्हा मला याचा भारी राग येई. सासूबाई तर तिची चाहूल लागताच मडकी मागे सरकवत. आत्या वाडीची सुईण. बाळंतिणीच्या घरात काय शिजतंय ते पाहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, एवढंच ती सांगे. विधवा बाई, एक काशी नावाची मुलगी, तीही लग्नाला आलेली. पण तिची झाकणं उचलायची खोड सगळ्या वाडीला बोचायची.

पहिली जर्मन लढाई संपून सहा-सात वर्षं झाली असतील. थळच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमची वाडी होती. भात कापणीला आलं होतं आणि ऐन आश्विनात वादळ झालं. बांध फुटून भरतीचं पाणी वाडीत शिरलं. छपरं उडाली, दोन म्हातारी माणसं वाहून गेली, आमची एकुलती विहीर खारी झाली. वर गावात गोडं पाणी होतं, पण तिथे आम्ही लांब उभं राहायचं आणि कुणी ओतलं तरच घ्यायचं. त्या दिवसांत ओतायला कुणाला सवड नव्हती. मुंबईहून शिडाच्या पडावातून मदतीचा तांदूळ आला. तो देवळाच्या आवारात वाटला गेला आणि आमच्या वाट्याला सर्वांत शेवटी तळाची भिजकी, वास मारणारी पोती आली.

ती पोती येण्याआधीच आत्या पडक्या घरांतून फिरली होती. ज्याच्याकडे जे उरलंय ते उंडीच्या झाडाखाली आणायचं, असं तिनं सांगितलं. "आजपासून वाडीत चूल एकच पेटंल," ती म्हणाली. दोन-चार घरांनी कुरकुर केली. पण कुणाकडे काय आहे हे तिला पाठ होतं, तिच्यासमोर खोटं बोलणार कोण? आमच्या घरात सासूबाईंनी नाचणीचं एक मडकं चिंध्यांखाली दडवलं होतं. आत्यानं चिंध्या बाजूला केल्या. मी लाजेनं मान खाली घातली. मला तेव्हा सातवा महिना होता.

"ऱ्हाऊ दे," तिनं चिंध्या परत टाकल्या. "ही दोन जिवांची हाय."

ती याबद्दल कुणापाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईच ते मडकं उचलून उंडीखाली घेऊन गेल्या.

पाण्याचा प्रश्न उरला होता. आत्याचं माहेर किहीमकडचं. केवड्याच्या बनामागे वाळूत खणलं तर गोडं पाणी लागतं, हे तिनं लहानपणी पाहिलेलं. आमच्या किनाऱ्यावरच्या केवड्यामागे आम्ही बाया करवंट्यांनी खणत राहिलो. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा तळाशी पाणी झिरपलं. आत्यानं पहिला घोट घेतला आणि करवंटी मला दिली. गोड होतं.

कोळीवाड्यातल्या विहिरीही खाऱ्या झाल्या होत्या. एक दिवस एक कोळीण कडेवर मूल घेऊन खड्ड्यापासून लांब उभी राहिली. आत्या तिला म्हणाली, "आमचा हात लागलाय पान्याला, बाय. तुजं तू ठरव." कोळणीनं मुलाच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग खाली उतरून आधी त्याला पाजलं, नंतर स्वतः प्याली. पुढे कोळणी पाणी नेत आणि आमच्या चुलीपाशी ओंजळ-ओंजळ सुकट ठेवून जात.

मग पटकीची साथ आली. आजाऱ्यांना घरच्यांनीसुद्धा दूर केलं तेव्हा आत्या आणि काशी त्यांचं करत होत्या. सहाव्या दिवशी काशीच गेली. आत्यानं तिला न्हाऊ घातलं, खाडीकाठी मूठमाती दिली आणि परतून थेट चुलीपाशी आली. आम्ही तिला बसायला सांगितलं. "मानसं उपाशी हायत," ती म्हणाली आणि पेज ढवळत राहिली. त्यानंतर तिनं काशीचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

माझी मुलगी त्याच उंडीखाली, आत्याच्या हातावर जन्मली. होळीपर्यंत छपरं चढली आणि एकेक घर आपली चूल वेगळी करू लागलं. आत्यानं कुणाला अडवलं नाही. वर्ष-दोन वर्षांत लोकांना तिची खोड पुन्हा बोचू लागली.

नवऱ्याला गिरणीत काम लागलं आणि आम्ही मुंबईला निघालो. आत्या रेवसच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत आली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "तिकडं शेजार बघून ऱ्हा." मला वाटलं, रडेल. ती वळून चालू लागली.

पाच-सहा वर्षांनी वाडीवरून जाऊबाई मुंबईला आली तेव्हा कळलं की आत्या गेली. पावसाळ्यात अंथरुणाला खिळली होती. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, असं मी विचारलं.

"कुनीच न्हाय," जाऊबाई म्हणाली. "ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या घरनं जेवान जात आसंल."

मी तिला दोष देऊ शकले नाही. इतकी वर्षं मुंबईत बसून मलाही तसंच वाटत होतं.