सात नंबरच्या दोन काठ्या

मित्र गेल्यानंतर काही महिन्यांनी भाभींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाई, घर बंद करून फर्दापूरला लेकीकडं चालले. त्यांची एकच काठी सोबत नेईन. त्यांच्या जिवाची ती घडीव काठी कोणती, तेवढं सांगून जा."

आम्ही दोघं वाळूजला एकाच कारखान्यात होतो. तो तापलेलं पोलाद हातोड्याखाली घडवायचा, मी तयार माल तपासायचो. एका परदेशी साहेबानं जाताना त्याला गोल्फच्या दोन काठ्या दिल्या. दोन्ही सात नंबरच्या, दिसायला सारख्या. एकीचं डोकं घडीव, दुसरीचं साच्यात ओतलेलं. अंगणात सतरंजी टांगून तो रोज संध्याकाळी तिच्यावर चेंडू मारायचा. "घडीव काठी लोण्यासारखी लागते," म्हणायचा. मी म्हणायचो, हा कानाचा खेळ आहे. आवाज वेगळा, म्हणून हाताला वेगळं वाटतं.

"तू घरी भाकरीपण मायक्रोमीटरनं मोजत असशील," तो एकदा म्हणाला. "घे परीक्षा!"

मी ओतीव काठीच्या बुडाला निळ्या रंगाचा ठिपका दिला. त्याच्या डोळ्यांवर रुमाल, कानांत कापूस. काठी डोक्याकडून धरून मूठ त्याच्या हातात द्यायची, त्यानं चेंडू मारून कोणती ते सांगायचं, असं आलटूनपालटून केलं. तो एकदाही चुकला नाही.

"अब बोलो, साहब!"

मी हरलो. फरक मोजता येत नाही पण आहे, असं पुढं चारचौघांत सांगितलंही.

भाभींनी दोन्ही काठ्या पलंगावर ठेवल्या होत्या. सतरंजी अजून अंगणात टांगलेलीच होती. "संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिकडं टक् वाजतं," त्या म्हणाल्या. "उठून बघते, तर सतरंजी हलत असते." वारा असेल, असं म्हणणार होतो.

पहिली काठी उचलली आणि माझा अंगठा मुठीच्या रबरातल्या एका खळग्यात उतरला. रबर तिथं झिजून खोल झालं होतं. माझ्या अंगठ्यापेक्षा रुंद, जरा डावीकडं. कुणी बसलेल्या खुर्चीवर चुकून बसावं तसा मी हात काढून घेतला. काठी उलटी केली. बुडाला निळा ठिपका.

दुसरीची मूठ कोरी होती.

म्हणजे तेव्हा त्याच्या हाताला लोखंड नाही, हा खळगा ओळखू येत होता. त्याला स्वतःला ते ठाऊक होतं का, आता विचारायचं कुणाला?

"घडीव ही," मी दुसरी दाखवली. "पण ही वापरलेली दिसत नाही."

"कशी दिसणार? भारी वस्तू म्हणून कापडात गुंडाळून ठेवायचे. पाहुण्यांसाठीच्या कपबश्यांसारखी. रोज मारायचे ते या झिजलेल्या काठीनंच." त्यांनी दोन्ही काठ्यांकडं पाहिलं. "मग नेऊ कोणती?"

"हातात धरून बघा."

त्यांनी ओतीव काठी घेतली. त्यांचा बारीक अंगठा त्या खळग्यात दिसेनासा झाला. मी निघेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

घडीव काठी त्यांनी मला दिली. पुंडलिकनगरच्या घरी ती दाराआड उभी असते. मधूनमधून गच्चीवर चेंडू मारून बघतो. लोण्यासारखी लागते का, मला अजून सांगता येत नाही. मूठ कोरीच आहे. तरी धरताना मी माझा अंगठा जरा उजवीकडं ठेवतो.