गरम पाण्यातली बाटली

पेरूवर काळं मीठ भुरभुरलं की त्या वासासरशी बाबांची बाटली आठवते. लडाखच्या उकळत्या झऱ्यातलं, तसाच गंधकाचा वास येणारं पाणी होतं तिच्यात. वाटेत चहावाल्यांकडे गरम पाणी मागून, ते थर्मासात भरून, त्यात ती बुडवून त्यांनी जपत आणली होती. रविवारी लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरले. त्यांची संशोधनाची लॅब बंद, म्हणून घरीच घेऊन आले.

मला म्हणाले, "असल्या पाण्यातही सूक्ष्म जीव तगतात बघ. मग दुसऱ्या एखाद्या ग्रहावर का नाही तगणार?"

दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या भैयांनी गाडी काढली. निघता निघता, जूनच्या उकाड्यात खराब होईल म्हणून, मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करत त्यांनी विचारलं, "बाटली गरम आहे ना? गार पडली तर मरतील गं सगळे."

"हो बाबा, गरम आहे."

ते घरी आले की खरं सांगू, असं ठरवलं. तेव्हा ते खोटं फार लहान वाटलं होतं.

संध्याकाळी ते गेले. नागपूरहून काका येईपर्यंत बाबांना बैठकीत बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. सकाळी त्यांच्या गार पडलेल्या पायांना हात लावला आणि मी उठले. फ्रिजमधून बाटली काढली आणि गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवली.