हळदीकुंकवाची मोटार

शेजारच्या खोलीतले ते गृहस्थ दर रविवारी गाडीचे प्लग काढून घासत. पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत मोटार अशी त्यांचीच, तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून ते प्लग ओळीनं मांडत. चार वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून एकीला हळद लावत, दुसरीला बायकोच्या करंड्यातलं कुंकू, तिसरीला काजळ, चौथी कोरी. शेवटी हात पुसत म्हणत, “नव्यासारखी झाली, राव. आता वर्षभर बघायला नको.” पुढच्या रविवारी पुन्हा पूजा मांडलेली.

अशाच एका रविवारी दुपारी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी नुकतीच गाडीच्या इंजिनात नवी कॉइल आणि नवे प्लग बसवले होते. न बोलावता तेच दारात आले. “वहिनींना बसवा.” पुण्यापर्यंत गाडी कुठंही अडखळली नाही.

तासाभरात मुलगी झाली. सांगायला मी धावत बाहेर आलो. दवाखान्याच्या दारात गाडी अजून धडधडत होती आणि ते अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून घामाघूम बसले होते.

“मुलगी? वा, छान. आता दोघींना पटकन घेऊन या,” ते म्हणाले, “गाडी चालू आहे तोवर.”