मोठी मरळ सोडणारे वसंतभाऊ

मासा गळाला लागला की वसंतभाऊ आधी बाही वर सारायचे आणि मासा कोपरापासून बोटांपर्यंत लावून पाहायचे. हातभर भरला नाही, तर पाण्यात सोडत म्हणायचे, "जाय गा बापू, मोठा होऊन ये." बँकेत माझ्या शेजारी बसणारा हा शांत माणूस काटोल रोडपलीकडच्या तलावावर मात्र आमचा कायदा होता. लहान मासा घ्यायचा नाही आणि एकाने एकच न्यायचा. रविवारी हौसेने गळ टाकणारे आम्ही सगळे कुरकुरत का होईना, पाळायचो.

वर्षं गेली आणि हातभर मरळ, आमचा आवडता मासा, दिसेनाशी झाली. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते, जवळ येईल त्यावर तुटून पडते. आम्ही नेमका तिथेच गळ टाकायचो, कारण नियमात बसणारा मासा तिथे हमखास मिळायचा. एका रविवारी रिकाम्या पिशवीची घडी करता करता वसंतभाऊ थांबले. "आपण लेकरं सोडली अन् मायबाप खाल्ले गा," ते म्हणाले. "अन् नियम माह्याच होता." मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी नवा नियम काढला. लहान सोडायचा, मोठाही सोडायचा, मधला एखादा न्यायचा. मंडळी हसली. "मंग येऊन काहून राहिलो आपण इथं?" एकाने विचारलं. हळूहळू सगळे दुसऱ्या तलावांकडे पांगले, आम्ही दोघंच उरलो. वसंतभाऊंना बांध चढताना दम लागायचा, तरी यायचे.

गेल्या पावसाळ्यात त्यांना मोठी मरळ लागली, अंड्यांनी पोट फुगलेली. गळ काढताना तिचा ओठ जरा फाटला. तिला सोडून ते कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत होते. "आता भरंल गा तलाव," म्हणाले. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बांधावर एक अनोळखी माणूस मोटारसायकलला मरळ बांधत होता. ओठ फाटलेला. "काका, पाहा ना, केवढी गवसली!" तो म्हणाला. मी तावातावाने पुढे झालो, तर वसंतभाऊंनी माझा दंड धरला. "राहू दे. खुशीत हाय तो," ते म्हणाले. "मी थकलो गा सांगून सांगून."

दिवाळीआधी वसंतभाऊ गेले. आता नवा माणूस दिसला की मीच सांगतो, मोठी लागली तर सोडा. बहुतेक जण मान डोलावतात आणि घेऊन जातात.