नारूच्या बुटांचे ठसे

गेल्या महिन्यात एका रविवारी पनवेलच्या मैदानावर मॅच झाली. मुंबईच्या एका मिलची फुटबॉल टीम आपल्या गावच्या टीमशी खेळायला आली होती, आणि त्या पाहुण्या टीममध्ये माझा धाकटा भाऊ नारू होता...

नारूला मिलमध्ये नोकरी आहे ती फुटबॉल खेळण्यासाठीच. खाडीकाठी अनवाणी खेळून तयार झालेले त्याचे पाय बघूनच त्याला घेतलं. पण यंदा टीम बूट घालून खेळू लागली, आणि बूट चढवले की नारू सारखा घसरायचा. कोचसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पनवेलची मॅच शेवटची संधी. टीममधली जागा गेली की नोकरीही जाणार...

मॅचआधी आठवडाभर तो रजेवर घरी आला. पायांना सवय व्हावी म्हणून या शहाण्याने काय करावं? बूट घालून आमच्या मिठागरात फेऱ्या मारल्या.

पावसाळा सरला की मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट, गुळगुळीत करावा लागतो. बाबांनी आठ दिवस खपून तो केला होता. त्यावर आता बुटांच्या खिळ्यांची भोकंच भोकं...

"कोंबड्या नाचल्यावानी दिसतंय," बाबा म्हणाले. "आता मीठ काय चाळणीत पिकवू?"

नारू मान खाली घालून उभा. मी मध्ये पडले, सरावाचं महत्त्व समजावू लागले. "बाय, तू जरा थांब," म्हणत बाबा उकिडवे बसले आणि एकेका भोकात बोट घालून बघू लागले. टाचेखालची भोकं बोटाच्या पेराएवढी खोल होती. चवड्याखालची जेमतेम दिसत होती.

"टाच रोवतंस तू. म्हणून घसरतंस. आगर तुडवताना कधी टाच रोवलीस?"

"बूट जड हायत, बाबा."

"आत पाय तुझाच हाय ना?"

तळ पुन्हा तुडवायचा होताच. दोघांनी मिळून तो तुडवला, आणि एक कोपरा नारूच्या बुटांसाठी सोडला. रोज संध्याकाळी बाबा तिथले ठसे बघायचे, मान हलवायचे आणि पायाने मोडून टाकायचे. शनिवारी त्यांनी ते मोडले नाहीत...

रविवारी नारू एकदाच पडला, तोही धक्का लागून. शेवटी शेवटी तो उजवीकडून पळत गेला, जागच्या जागी वळला आणि त्याच्या पासवर गोल झाला. गोल आमच्याच गावावर झाला, तरी मी टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर सगळे नारूभोवती जमले. बाबा मात्र तो जिथे वळला होता तिथे गेले आणि वाकून जमीन बघत राहिले. कोचसाहेबांनी विचारलं, हे कोण? नारूने सगळं सांगितलं. साहेब बाबांजवळ जाऊन खाली बसले आणि म्हणाले, "मलाही दाखवा."

नारूची जागा पक्की झाली. परवा त्याचं पत्र आलं... साहेबांनी मैदानाचा एक कोपरा भिजवून घेतलाय. घसरणाऱ्या तीन नव्या खेळाडूंना त्यावर चालवतात आणि ठसे नारू तपासतो. दोघांचं घसरणं थांबलंय, तिसऱ्याचंही थांबेल म्हणतो.

बाबांना अक्षर येत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी वाडीभर पेढे वाटले होते. काल मी शाळेत शिकवून येताना पेढे घेऊन आले, आणि घरोघर मीच वाटले... बाबांच्या नावाने.