माझा नंबर त्यांच्या फोनात

शुद्धलेखन चुकणार आहे आणि अक्षर वाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून सही सोडून फार काही लिहिलं नाही. ही मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. हे सगळं मला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लिहिते. माफी अक्षरापुरतीच आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते, त्यांची मी मागत नाही.

मस्तगड भागात आमची दोन बिऱ्हाडं एकाच घरात राहतात. पुढच्या दोन खोल्यांत भाया, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊ. मागच्या खोलीत मी, नवरा आणि मुलगी. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भायाशी बोलायचं नसतं. लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते. सणाला सगळे एकत्र जेवायला बसले, की भाया हाताच्या अंतरावर असले तरी मी जाऊला म्हणायचं, "अक्का, भाजी वाढू का विचारा." जाऊ त्यांना विचारायची. ते म्हणायचे, "नको म्हणावं." मंग जाऊ मला सांगायची, "नको म्हणतेत." आम्हा तिघांनाही सगळं पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं.

भाजीपुरतं ठीक होतं. पण जाऊ कधीच निरोप जसाच्या तसा पोचवत नाही. माझं बोलणं तिकडे जाईपर्यंत भांडण होतं आणि तिकडचं माझ्याकडे येईपर्यंत हुकूम होतो.

मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत जाते. पट्ट्यावरून बी सरकत येतं, त्यातलं फुटकं आणि काळं वेचायचं. पगार बँकेत जमा होतो. बँकेच्या मशीनपुढे उभं राहायची मला भीती वाटते, मागे रांगेत पुरुष असतात. म्हणून एटीएम कार्ड पहिल्यापासून भायांकडेच. मी जाऊला आकडा सांगायची, ते पैसे काढून आणायचे. पण माझ्याकडे बटणांचा छोटा फोन होता. पैसे काढले की त्यावर मेसेज यायचा. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. हजार सांगितले तर हजारच निघाले आहेत, हे कळायचं. भायांनाही ते माहीत होतं. त्यामुळे हिशोब बराबर राहायचा. त्याच खात्यात मी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे मागे टाकत होते.

दिवाळीनंतर भायांनी नवा मोठा फोन घेतला. एका रविवारी जाऊ माझ्या दारात आली.

"तुझ्या फोनाचं कार्ड लई जुनं झालं म्हणतेत. आता कार्ड लागतच न्हाई. नंबर हवेतून जातो."

"कुठं जातो?"

"ह्यांच्या नव्या फोनात. तिथं बसला की मंग ह्यांचा जुना मोठा फोन तुला देणार, त्यात टाकून. फुकट भेटून राह्यलंय तर घे की. तुझा नवरा घेऊन देणार हाय का?"

नवरा तिथंच बसला होता. तो हसला.

माझा फोन पुढच्या खोलीत गेला. भायांनी त्यावरून काहीतरी पाठवलं. थोड्या वेळानं फोन वाजला आणि जाऊ तो हातात धरून पळत आली. "एक दाब म्हणतेत. जल्दी दाब, कटून जाईल." पलीकडून बाईचा आवाज काहीतरी विचारत होता. तिचं ऐकूनही न घेता मी एक दाबलं. माझ्याच अंगठ्यानं दाबलं, हे मी स्वतःपासून लपवत नाही.

संध्याकाळपर्यंत माझा फोन मुका झाला. जाऊ म्हणाली, चार दिवसांत दुसरा फोन येईल, त्याची काच बदलायची आहे. चार दिवसांचे पाच महिने झाले. विचारलं की काच. पुन्हा विचारलं की, "एवढी कुणाची वाट पाहून राह्यली गं तू फोनाची?" आणि हे ती नवऱ्यापुढे म्हणायची.

त्या पाच महिन्यांत मी काय करत होते ते लिहायची लाज वाटते. फोनाचं जुनं कार्ड मी काढून मसाल्याच्या डब्याशेजारी पुडीत ठेवलं होतं. मला वाटायचं नंबर त्यातच आहे, फक्त झोपला आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी मुलीच्या खोडरबरानं त्याचा पिवळा पत्रा घासायची आणि परत फोनात घालून बघायची. कंपनीतल्या बायकाही तसंच करतात, घासलं की कार्ड लागतं म्हणतात. माझं लागलं नाही. कार्ड माझ्याकडे आहे म्हणजे नंबर माझ्याकडे आहे, या भरवशावर मी गप्प राहिले.

मुलगी बारावी पास झाली. फीचे पहिले बारा हजार आठ दिवसांत भरायचे होते. ती आणि मी पासबुक छापायला बँकेत गेलो. मुलीनं पान पाहिलं आणि मला बाहेर घेऊन आली. दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार सहाशे निघाले होते. मी सांगितलेले पैसे वेगळे, हे वेगळे. पाच वेळा. तेवीस हजार. खात्यात नऊशे रुपये उरले होते.

"आई, हा मोठ्या बाबांच्या फोनाचा हप्ता आहे," मुलगी म्हणाली. मोठे बाबा म्हणजे भाया. "मोठी आई सांगत होती ना शेजारी, चार हजार सहाशेचा हप्ता आहे म्हणून."

म्हणजे ज्या फोनात माझा नंबर बसवला, तो फोनही माझ्याच पैशांचा होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो रोलिंग मिलमधून आला होता. जेवता जेवता म्हणाला, "मोठा भाऊ आहे. देईल. आताच गोंधळ घालू नको." मी ताट उचललं. तो अर्धाच जेवला होता. त्याबद्दलही मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाडा करून मी फोन कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती. मी पुडी उघडून कार्ड तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, "मावशी, हे आता नुसतं प्लास्टिक आहे. तुमचा नंबर दुसऱ्या फोनात डिजिटल सिम होऊन चालू आहे. पण नंबर तुमच्या नावावर आहे ना, मग नवीन कार्डावर परत आणता येतो. आधार द्या." तिनं माझा अंगठा घेतला, फोटो काढला, नवं कार्ड दिलं आणि दोन तास थांबा म्हणाली. मी बाकावर बसले. दोन तासांनी तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, नंबर हलवताना चालू फोनावर मेसेज जातो, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणून कळवा असा. तिकडून कुणीतरी 'नाही' असं कळवलं. अर्ज रद्द झाला."

घरी आले तर भाया खाटेवर बसले होते. मी दारात आहे हे बघून जाऊला म्हणाले, "सांग तिला. चोर लोक नंबर पळवतेत आजकाल. मेसेज आला म्हणून मी बंद केलं. तिच्याच भल्यासाठी."

जाऊ माझ्याकडे वळली. "ऐकलं का? तुझ्याच भल्यासाठी. आणि पैशाचं काय लावलंस गावभर? घरातले पैसे घरातच राह्यले ना? बाहेर गेल्ते का?"

मी मागच्या खोलीत निघून गेले. तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि जाऊला तेच हवं होतं. पण एक गोष्ट मला समजली. मधे जाऊ आहे तोवर भायांना माझं काहीच ऐकून घ्यावं लागत नाही. मी बोलत नाही, याच्यावर त्यांचं सगळं चाललं होतं.

सकाळी मी कंपनीच्या टेम्पोत बसले नाही. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले. भाया तिथं एका अडतीच्या दुकानात मुनीम आहेत. शेठ गादीवर होते, चार-पाच शेतकरी पोत्यांवर बसले होते, सगळे पुरुष. भाया वहीत लिहीत होते. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं. मुलगी म्हणते तेच म्हटलं.

"मोठे बाबा, माझा नंबर द्या."

त्यांनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. इकडे तिकडे बघितलं. जाऊ नव्हती.

"घरी बोलू," ते वहीकडे बघत म्हणाले.

"घरी तुम्ही माझ्याशी बोलत नाही. इथं बोला. माझा नंबर तुमच्या फोनात आहे आणि माझे तेवीस हजार तुम्ही काढले. पोरीची फी भरायला पाच दिवस राहिलेत."

एक शेतकरी हसला. दुसरा म्हणाला, "बाईचा नंबर मुनीमजीच्या फोनात? हे काय नवीन?" आणि मग सगळेच हसले. ते माझ्यावर हसले की त्यांच्यावर, मला कळलं नाही. शेठ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मुनीमजी, बाई म्हणते ते खरं का?"

भाया म्हणाले, "द्यायचेच हायेत, शेठ."

शेठनं गल्ला उघडला आणि बारा हजार मोजले. "तुमच्या पगारावर उचल लिहा," ते भायांना म्हणाले. भायांनी स्वतःच्या हातानं ते वहीत लिहिलं. मग माझ्यापुढे पाच-सहा पावलं चालत फोन कंपनीच्या दुकानात आले. काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा माझा अंगठा घेतला. भायांच्या हातातला फोन वाजला. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले. त्यांनी काही दाबलं नाही. दुपारी माझ्या बटणांच्या फोनाला रेंज आली. एटीएम कार्डही त्यांनी काउंटरवर ठेवलं. मला दिलं नाही, काउंटरवर ठेवलं.

फी भरली. मुलगी कॉलेजला जाते. गल्लीत मात्र मी भायाची अब्रू घालवणारी बाई झाले. जाऊ नळावर मला ऐकू जाईल असं म्हणते, "तोंड न्हाई म्हणत होते, आता मोंढ्यात दुकान मांडलं." नवरा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मला त्यातला फरक फारसा जाणवला नाही.

उरलेले अकरा हजार जाऊच्या हातून आले. आधी तीन, मग दोन, पुन्हा दोन. एक महिना काहीच नाही, मग दोन. गेल्या आठवड्यात शेवटचे आले. जाऊनं नोटांची घडी माझ्या ओट्यावर टाकली. "घे बाई. झालं तुझं. आता तरी जीव थंड होईल."

मी तिच्यासमोरच मोजले. पंधराशे होते. तिला काही म्हटलं नाही. पुढच्या खोलीच्या दारात गेले. भाया टीव्ही बघत होते.

"मोठे बाबा, पाचशे कमी आहेत."

त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. मग उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. तेवीस हजार पुरे झाले.